शेवटच्या बाकावरचा शेरा

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयातील इतिहास अध्यापनाची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याची खात्री तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी सनावळ्या विचारून करून घेतली. त्यांतला एक सन त्यांचाच चुकला होता, तो मी दुरुस्त करून दिला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर सामानासह माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. स्वयंपाकघरातला नळ मधूनच रुसतो, त्याला दोन चापट्या माराव्यात.

२. बँकेतील शिल्लक धाकट्या बहिणीला. तिने ती जपून ठेवू नये, फिरायला जावे.

३. भूगोलाच्या सरांनी माझा नकाशाचा स्टँड आठ दिवसांसाठी म्हणून नेला, त्याला सव्वीस वर्षे झाली. तो आता त्यांचाच. मला टाळण्यासाठी ते मागच्या जिन्याने जात. यापुढे खुशाल पुढच्या जिन्याने जावे.

४. पत्र्याची पेटी. आत गंजलेली किल्ली, अर्धे फाटलेले पोस्टकार्ड, एका शिंप्याची मापांची वही आणि असेच बरेच काही. भावी शिक्षकांनी डोळे मिटून एक वस्तू उचलायची आणि ती काय सांगते, काय सांगत नाही, ते बोलायचे, हा माझा पहिला तास असे. ही पेटी मुलीला द्यावी, आणि तिच्याबरोबर सराव पाठांच्या निरीक्षणाची निळी वही. वही का, ते लिहिणे भाग आहे.

मुलगी माझ्याच वर्गात शिकत होती. घरी मी आई, महाविद्यालयात बाई. नववीवरच्या तिच्या सराव पाठात एका विद्यार्थिनीने विचारले, "हे खरं कशावरून?" मुलीने खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "मला माहीत नाही. आपण शोधू या." उरलेला तास सगळा वर्ग पुस्तके चाळत बसला, पाठाचे टाचण अर्धेच राहिले. शेवटच्या बाकावर बसून मी लाल शाईने शेरा लिहिला: 'उत्तर देता आले नाही. पाठ पुन्हा घ्यावा.' बाईंनी लेकीला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, एवढीच मला धास्ती होती. तिने पाठ पुन्हा घेतला नाही. शिकवणेच सोडून चष्म्यांचे दुकान टाकले. माझे चष्मे तीच करून देते, पण त्या शेऱ्याबद्दल तिने आजवर चकार शब्द काढलेला नाही.

पुढची एकोणीस वर्षे मी प्रत्येक तुकडीला सांगत आले की अशा वेळी 'मला माहीत नाही, आपण शोधू या' म्हणावे. त्या वाक्याचे फार कौतुक झाले आणि ते मी स्वतःचे म्हणून करून घेतले. वाक्य तिचे होते. बाळा, मी चुकले.

तो शेरा फाडू नये, खोडू नये. पुरावा नष्ट करायला मी कोणालाच शिकवलेले नाही. त्याच्याखाली आजच्या तारखेने दुसरा लिहिला आहे: 'पाठ उत्कृष्ट. निरीक्षक कमी पडल्या.'

५. महाविद्यालयाच्या ग्रंथपालबाईंशी बोलून ठेवले आहे. मुलीला वाटले तर तिने पेटी घेऊन तिथे जावे आणि एक तास घ्यावा. सक्ती नाही. शेवटच्या बाकावर या वेळी मी नसेन.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: सोळा नोव्हेंबर, शनिवार
सही

साक्षीदार: तळमजल्यावरचे डॉक्टर, महाविद्यालयाच्या ग्रंथपालबाई
बाईंनी वरील मजकूर आम्हा दोघांना वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली. वाचताना त्या चौथ्या कलमापाशी थांबल्या. पुढचे ग्रंथपालबाईंनी वाचले.