मागाहून सांगितलेले अपशकुन

बाई, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आज पुन्हा परत आलं. माझे इथले गाईड सभ्य गृहस्थ आहेत, लाल शाईने खोडत नाहीत. एवढंच म्हणाले की निष्कर्ष भीत भीत काढल्यासारखा वाटतो. परतीच्या गाडीत मी ती पानं उघडलीसुद्धा नाहीत. नवरा फेल्डहोवनच्या कारखान्यातून यायचा आहे, पाऊस आहे म्हणजे सायकलवर भिजूनच येईल. कणीक मळून झाली आहे आणि मी टेबलाशी नुसती बसले आहे. झोपेने जाईल असा हा थकवा नाही.

पुण्यात तुम्ही आम्हाला स्पॅनिश शिकवायचात ते स्वयंपाकघरात, कारण बाहेरच्या खोलीतला पंखा फार कुरकुरायचा. शेवटी शेवटी मी एकटीच उरले होते. मेक्सिको जिंकायला गेलेल्या पहिल्या पिढीतल्या स्पॅनिश लोकांनी लिहिलेला इतिहास आपण वाचत होतो. कुणी लिहितो, पुढच्या बेटावर फक्त लढवय्या बायका राहतात. कुणी लिहितो, लढाई हातची जात असताना पांढऱ्या घोड्यावर बसून संत धावून आला. मला हसू आवरेना. तुम्ही मेथी निवडत होतात, मान वर न करता म्हणालात, "हसू नकोस. लिहिणारा खोटारडा म्हणून पुस्तक मिटलंस तर तुझ्या हाती काही लागणार नाही. ही गोष्ट कुणाला हवी होती, ते शोध." मला ते लागलं होतं. घरी जाईपर्यंत मी मनात तुमच्याशी भांडत होते. पण त्याच एका वाक्यावर पुढे माझा प्रबंध उभा राहिला.

माझं प्रकरण अपशकुनांवर आहे. स्पॅनिश लोक मेक्सिकोत यायच्या आधी म्हणे आभाळात आग दिसली, देवळाने आपोआप पेट घेतला, आणि एक बाई "लेकरांनो, आता कुठे नेऊ तुम्हाला" म्हणत रात्री रडत फिरायची. हे सगळं लिहिलं गेलं ते तिथलं राजधानीचं शहर पडून कित्येक वर्षं उलटल्यावर. जिंकलेल्यांना ते हवं होतं, कारण मग विजय देवानेच दिलेला ठरतो. पण हरलेल्यांच्या नातवंडांनाही ते हवं होतं. आभाळातच लिहिलेलं असेल तर आपल्या म्हाताऱ्यांचं काही चुकलं नव्हतं.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात मी आले होते. चष्म्याची नवी फ्रेम मला दाखवलीत. मे महिन्यात मुलाकडे ॲमस्टरडॅमला जायचं होतं, तिकडे कोथिंबीर मिळते का, थंडीला दोन स्वेटर पुरतील का, हेच चाललं होतं. कपाटाला वाळवी लागली म्हणून साड्या पलंगावर काढून ठेवल्या होत्या, त्यातल्या चार-पाच तुम्ही शेजारणींना देऊन टाकल्यात. तुम्ही अचानक आजारी पडल्याचं कळून तुमचा मुलगा विमानाने पोचला तोवर दहनसुद्धा उरकलं होतं. आणि तेरावं व्हायच्या आतच शेजारणी म्हणायला लागल्या, बाईंना चाहूल लागली होती, बघा, साड्यासुद्धा वाटून टाकल्या. वाळवीची गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही.

पुढे लग्न होऊन मीही तुमच्या मुलाच्याच या देशात आले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात तुमच्या मुलाने तुमच्या तिथीला आम्हाला ॲमस्टरडॅमला, बुइटनव्हेल्डर्टच्या घरी, जेवायला बोलावलं. तोही आता पिकला आहे. वरण वाढता वाढता त्याने एकदम विचारलं, "शेवटच्या दिवसांत तू होतीस तिच्याजवळ. तिला कळलं होतं ना?" त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. नंतर स्वयंपाकघरात ती सांगणार होती की अजून तो रात्री मध्येच उठून बसतो, आदल्या दिवशीची फ्लाईट मिळत होती म्हणतो. पण तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी फक्त त्याचा हात पाहिला. वाटीच्या वर तसाच थांबलेला.

असल्या गोष्टी मागाहून रचलेल्या असतात, हे दाखवण्यात माझी इतकी वर्षं गेली आहेत. मी म्हणाले, "हो. म्हणाल्या होत्या, माझं सगळं मनासारखं झालं. त्याला सांग, धावपळ करू नकोस."

तो बराच वेळ भात कालवत राहिला. मग पोटभर जेवला. त्याची बायको म्हणते, आता तो झोपतो. आल्यागेल्याला तो हे वाक्य सांगतो, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, हिने स्वतः ऐकलंय.

गाईडना हवंय की मी ठामपणे लिहावं, या कथा निव्वळ बनावट. पुरावे आहेत, लिहिता येईल. पेन तिथेच अडतं.

खरं तर हे पत्र मी तुमच्या मुलाला लिहायला बसले होते, सगळं खरं सांगून टाकावं म्हणून. वर तुमचं नाव उमटलं. त्याला काही मी हे पाठवणार नाही. आणि एक गोष्ट आहे, बाई. त्या शेवटच्या भेटीत मी निघाले तेव्हा तुम्ही दारापर्यंत आला होतात, काहीतरी म्हणाला होतात. ते आठवायला गेलं की आता मला मीच रचलेलं ते वाक्य ऐकू येतं, तुमच्या आवाजात. दुसरं काही येत नाही.