तिसऱ्या चौकटीतल्या छत्रीवाल्या काकू

६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. दादाच्या चष्म्याचा नंबर वाढला आणि माझा राग कमी झाला, असं दादाच म्हणतो. तुझा गुडघा काय म्हणतोय?

फोन सोडून हिने चक्क पत्र लिहिलंय म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं तू म्हणशील. आहे. पण जरा आडवळणाने येते, म्हणजे धीर येईल.

आम्ही शाळेची पुस्तकं रंगवतो असं तुला इतकी वर्षं सांगत आलो. तेही करतो अधूनमधून. पण आमचं खरं काम म्हणजे रविवारच्या पेपरातली चित्रकथा, 'दार वाजलं'. दादा पेन्सिलने काढतो, मी त्यावर शाई फिरवते आणि फुग्यांतली अक्षरं लिहिते. खाली सही 'आम्ही दोघं'. एकोणीस वर्षं झाली. एक घर, त्यात आई, बाबा आणि दोन कार्टी. पहिल्या दोन चौकटींत त्यांचे उद्योग, तिसरीत दार वाजतं आणि छत्रीवाल्या काकू येतात. चौथीत कोणाचीतरी फजिती. काकू म्हणजे आमच्या खलनायिका.

त्यांना काढायचे दादाचे नियम ठरलेले आहेत. घरातले सगळे गोल, काकू तेवढ्या त्रिकोणी. घरच्यांचे डोळे म्हणजे नुसती टिंबं, काकूंना मात्र भुवया, त्याही जाड. त्यांच्या फुग्यातली अक्षरं मी ठळक काढते, कारण त्यांना हळू बोलताच येत नाही. त्या येतात, टीव्ही बंद करतात, रंगपेटी कपाटात टाकून कुलूप लावतात आणि पोरांची नखं तपासतात.

एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल.

लोक त्यांच्यावर बेहद्द खूश आहेत, आत्या. पत्रं येतात ती सगळी त्यांच्यासाठी. एक जण तर दर महिन्याला टाईप केलेलं कार्ड पाठवतो, खाली नुसतं 'एक जुना वाचक'. 'काकू मवाळ होत चालल्या आहेत. त्यांनी आता वह्यांची शेवटची पानंही तपासावीत.' दादा त्यातल्या निम्म्या कल्पना ढापतो. आमच्या मते हा कुणी निवृत्त हेडमास्तर असावा.

तर, याचं पुस्तक निघतंय. मुखपृष्ठावर एकट्या काकू, हातभर मोठ्या. पुढच्या महिन्यात तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानातही लागेल. म्हटलं, तू बघण्याआधी आपणच सांगावं.

पण खरं सांगायचं ते अजून राहिलंच. भुवयांचं तू हसण्यावारी नेशील, मला माहीत आहे. चित्रातल्या घरात आई आहे. आमची गेली तेव्हा मी आठ वर्षांची. पंधरा दिवसांनी दार वाजलं आणि मला वाटलं, आई आली. धावत जाऊन उघडलं, तर ट्रंक आणि छत्री घेऊन तू. तो राग मी घरात तुझ्यावर काढला आणि मोठी झाल्यावर चौकटींत. एकोणीस वर्षं आम्ही आईला घरात ठेवलं आणि तुला दाराबाहेर. डबे तू भरलेस, वेण्या तू घातल्यास, माझ्या तापात उशाशी तू बसलीस. चित्रात ते सगळं आई करते. मला याची लाज वाटते.

पुस्तकासाठी एक नवी, शेवटची चित्रकथा हवी आहे. त्यात काकू छत्री कोपऱ्यात ठेवतात, हसतात आणि कायमच्या राहायला येतात, असं करावं म्हणतो. तू हो म्हणालीस तर त्यांना एकदाचं चांगलं करून टाकतो. दादाने तोवर पेन्सिलला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

तुझी,
शाई

११ नोव्हेंबर

चि. शाई,
आशीर्वाद. दोघांना मिळून पाठवते आहे, भांडण न करता वाटून घ्या.

हेडमास्तर म्हटल्याबद्दल आभारी आहे. निवृत्त होताना ऑफिसातला माझा टाईपरायटर मी घरी आणला. तो गंजू नये म्हणून चालवावा लागतो.

पहिल्याच रविवारी ओळखलं मी. तुझं अक्षर फूटपट्टी घेऊन मी वळवलंय. ते फुग्यात घातलं म्हणून मला कळणार नाही? भुवयांबद्दल तक्रार नाही. पण मी डावरी आहे आणि एकोणीस वर्षं छत्री माझ्या उजव्या हातात आहे. दादाला म्हणावं, काढायच्या आधी माणसाकडे नीट बघावं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. काकूंना चांगलं करायचं नाही. त्या आल्या नाहीत तर ती चौघं पहिल्या चौकटीतच लोळत पडतील.

आणि राहायला तर मुळीच येऊ द्यायचं नाही. रविवारी पेपर उघडला की मी आधी वहिनीला शोधते, मग स्वतःला. ती बाह्या सरसावून ओट्याशी उभी असते आणि मी आले की छताकडे बघते. खरीही तशीच बघायची. आमचं एक दिवस पटलं नाही आणि मला ती फार आवडायची. हे तिला सांगायचं राहून गेलं, म्हणून तुला सांगते. मी यावं, कटकट करावी आणि माझ्या घरी निघून जावं, असंच आमचं चाललेलं होतं. तेच बरं होतं. मी राहायला का आले ते तुला ठाऊक आहे. चित्रात तरी तसं होऊ देऊ नका.

तू लाज वगैरे वाटून घेऊ नकोस. तुम्ही आईला घरात ठेवलंत, म्हणून दर रविवारी मला तिच्याकडे जाता आलं.

तेव्हा शेवटच्या चौकटीत मला जिना उतरताना काढा, छत्री डाव्या हातात, भुवया आहेत तशाच. वहिनी वर दारात उभी असू दे. माझ्यामागे दार तिलाच लावू दे.

तुमच्या दारात पुन्हा येणारी,
छत्रीवाली आत्या