टोपल्या मांडीवर घेऊन बसलेली मंडळी

पाळकसाहेब, काल उपासनेनंतर आपले नवे पाळक मला म्हणाले, "मावशी, तुम्ही त्या जुन्या पाळकांबद्दल सारखं बोलता, एकदा लिहून तरी काढा." पोरगं चांगलं आहे. मोबाइलवर बघून वचन वाचतं, ते तुम्हाला आवडलं नसतं, पण आवाज छान आहे. म्हणून आज लिहायला बसले. मशीनवर एका नवरीची ब्लाउजं तशीच पडली आहेत, तिची आई येऊन बोंबलणार आहे, बोंबलू दे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायचं म्हणून मी आधी पदर सावरून घेतला, बघा.

तुम्ही नगरकडचे. मुकुटबनच्या अलीकडच्या आमच्या गावात आलात तेव्हा "मले, तुले" न म्हणता "मला, तुला" बोलायचात आणि आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो. पुढे आमची बोली शिकलात, पण ती बहुधा रागवायलाच वापरायचात. त्या काळी चर्चमधलं सगळं तुम्हीच करायचात. घंटा तुम्ही वाजवायची, सतरंज्या तुम्ही अंथरायच्या, पेटीही तुम्हीच वाजवायची. आम्ही यायचो, गायचो, सलाम करून घरी जायचो. कुणाची गाय अडली तरी तुम्हाला बोलावणं, सासू-सुनेचं वाजलं तरी तुम्हाला बोलावणं. आमचे हे तर उघडच म्हणायचे, "पाळकसाह्यब हायेत न, मंग आपन देवाले कायले तरास द्याचा?" आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. देवाशी बोलायचं ते तुम्ही, आणि आम्ही तुमच्याशी.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. आमच्या यांचं जिनिंगमधलं काम ऐन हंगामात बंद राहू लागलं, आणि चर्चच्या वरच्या लोकांनी ठरवलं की लहान मंडळ्यांना वेगळा पाळक ठेवणं जमणार नाही. पांढरकवड्यापासून इकडच्या सगळ्या खेड्यांना तुम्ही एकटे, आणि तुमच्या बुडाखाली ती मोटरसायकल, जी चालण्यापेक्षा ढकलण्यातच जास्त असायची.

त्या वर्षीची हंगामाची उपकारस्तुती मला आज सकाळची वाटते. शेतातलं पहिलं पीक टोपलीत घालून आणायचं, पाळकाने ते हातात घेऊन वर उचलायचं, मग वेदीपुढे ठेवायचं. आमच्या गावात त्यात आणखी एक भर होती, की पाळकाचा हात लागेपर्यंत टोपली जमिनीला टेकवायची नाही. हे कुठल्या शास्त्रात आहे देव जाणे. त्या रविवारी तुमची गाडी वाटेत बंद पडली. आम्ही सकाळपासून टोपल्या मांडीवर घेऊन बसलोय. मांड्यांना मुंग्या आल्यात, पोरं भुकेने किरकिर करतायत, एकीने कोंबडी आणली आहे, तिने टोपलीत घाण करून ठेवली आहे. पण कुणी टोपली खाली ठेवत नाही आणि कुणी गाणंही सुरू करत नाही. माझी शेती नाही, म्हणून मी नवं शिवलेलं झबलं घेऊन बसले आहे. पलीकडे बसलेल्या शेजारघरच्या म्हाताऱ्याच्या टोपलीत नुसती पऱ्हाटी, कपाशीच्या वाळलेल्या काड्या, कारण झाडांना बोंडं धरलीच नव्हती.

ऊन पार कलल्यावर तुम्ही आलात, धुळीने पांढरे झालेले. दारातच थांबलात.

"काहून बसले असे?"

मी म्हटलं, "तुमचा हात लागल्याबिगर टोपल्या कशा ठेवाच्या, साह्यब?"

"सकाळपासून?"

"हो मंग."

तुमचा चेहरा असा लाल झाला की कोंबडीसुद्धा गप्प बसली. "मी काय देवाच्या फाटकावरचा चौकीदार हाय काय? आज रस्त्यात मेलो असतो त असेच बसून राह्यले असते काय तुम्ही?" एवढं बोलून तुम्ही चपला काढल्या आणि पुढे न जाता अगदी मागे, कोंबडीवालीच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसलात. "आता मी मंडळीतला. उचला कोन उचलते ते."

कोण उचलणार? चर्चची पंच मंडळी कौलं बघायला लागली. मला तुमचा राग आला होता, खरं सांगते. एवढं ताटकळून बसलेल्या माणसांना असं कुणी बोलतं का? तेवढ्यात तो म्हातारा तुमच्याकडे वळला. "साह्यब, या पऱ्हाटीसाठी मी देवाचे कायचे उपकार मानू? तेवढं सांगा."

तुम्ही त्या टोपलीकडे बघितलंत. मग हळू आवाजात म्हणालात, "मले नाही माहीत, बाबा. मी कधी पेरलं नाही. मंडळीले विचारा."

म्हाताऱ्याने सगळीकडे बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. गावात माझी जीभ सगळ्यात तिखट, म्हणूनही असेल. मी उठले. पाय बधिर झालेले, कशीबशी त्याच्यापाशी गेले, ती पऱ्हाटी दोन्ही हातांनी उचलली आणि म्हटलं, "देवा, काय पिकलं ते तुले दिसूनच राह्यलं. पन यानं पेरलं होतं, हे ध्यानात ठेव. आन् आज याच्या घरची चूल यावर पेटन, त्याचे उपकार." पुढे काही सुचेना, म्हणून वेदीपुढे ठेवून दिली. म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि उठून शेजारणीची टोपली उचलली. मग कोण कुणाची टोपली उचलतंय याचा काही हिशेबच राहिला नाही. माझं झबलं एका पंचाने उचललं, उलटं धरून.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी खाताना तुम्ही खुशीत होतात. "पुढच्या रविवारी मी येणार नाही," म्हणालात, जणू काही सणाचीच बातमी. त्यानंतर मला उपासना चालवायला तुम्ही शिकवलंत, शिलाई मशीनच्या शेजारी स्टुलावर बसून. माझा पहिला उपदेश फार लांबला, तेव्हा म्हणालात, "बाई, धागा संपेपर्यंत शिवत राहायचं नसतं." मला राग आला आणि हसूही आलं. ती वर्षं फार वाईट होती, सगळे तसंच म्हणतात. पण चर्चपुरतं विचाराल तर मी इतकी सुखात कधीच नव्हते.

मग तुम्ही आजारी पडलात. यवतमाळच्या दवाखान्यात आम्ही गाडी करून भेटायला आलो. तुम्हाला सलाइन लावलेलं, आणि माणसं कॉटला टेकून सांगतायत, साह्यब, नातवाच्या नोकरीसाठी प्रार्थना करा, साह्यब, माह्या गुडघ्यासाठी करा. आणि तुम्ही करत होतात, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून. मीही मुलीच्या सोयरिकीचं सांगायलाच आले होते, खोटं कशाला बोलू? पाळकीणबाईंनी शेवटी सगळ्यांना चहाच्या निमित्ताने बाहेर काढलं. मी पिशवी उचलायला मागे राहिले, तर तुम्ही म्हणालात, "बाई, माझ्यासाठी करा. डोक्यावर हात ठेवून."

पाळकाच्या डोक्याला आमच्यात कुणी हात लावत नाही. मी म्हटलं, "मी कशी ठेवू, साह्यब? ते तुमचं काम."

"माझाच हात माझ्या डोक्यावर ठेवू काय?"

मग ठेवला. केस किती विरळ झाले होते आणि कपाळ किती तापलं होतं, हे पहिल्यांदाच कळलं. प्रार्थना मी मनातच केली. तुम्ही डोळे मिटून पडला होतात, लहान मुलासारखे.

हे लिहिलेलं मी नव्या पाळकांना दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायची तर सोयच नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांनी मला विचारलं, काय मागितलं? मी म्हटलं, बरे व्हावेत म्हणून. मंडळीत आजही सगळे तेच धरून आहेत. खरं म्हणजे ते मी मागितलंच नव्हतं. मी देवाला एवढंच म्हटलं होतं की, आता या माणसाजवळ कोणी काही मागू नये.