रिकाम्या नळीतला धूर

विल्नियस, १४ मार्च

तीर्थस्वरूप आनेले मावशीस,
दोमांतासचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील, मधमाश्या थंडीतून निभावल्या असतील आणि शेजारीण अजून अबोला धरून असेल (म्हणजे तू सुखात असशील). मी धडधाकट आहे, पण मंगळवारपासून पाठ भिंतीला टेकवत नाही.

त्याचं असं झालं. आमच्या प्रयोगशाळेत दोन लेसर आहेत, रंगात केसभर फरक असलेले. नखाएवढ्या चिपवर दोन्ही एकत्र पाडले की त्या फरकाची एक तिसरीच, न दिसणारी लहर निघते. एकाला जरा गरम केलं की तिचा सूर सरकतो, रेडिओचं बटण फिरवावं तसा. लहर काचेच्या नळीतून जाते (नळी आपल्या फेलिक्सासकाकांनी फुंकलेली, जाण्याआधीची त्यांची शेवटची), आतला वायू आपापला सूर गिळतो आणि पडद्यावरच्या रेषेत खड्डा पडतो.

मंगळवारी भरदुपारी, हवा उपसून बंद केलेल्या नळीत खड्डा पडला. हायड्रोजन सायनाइड! सिगरेटच्या धुरात असतं ते विष. माझी सहकारी मिल्दा म्हणाली, "ओढून आलास ना, लबाडा?" मी शपथ घेतली. तिने नळी पुन्हा उपसली. पुन्हा खड्डा. तिसऱ्यांदा आणखी खोल. मिल्दाने काकांचं सिगरेटी ओढणं पाहिलेलं. म्हणाली, "तुझे काका आलेत. उभं काय ठेवतोस? खुर्ची दे की!" मी हसत भिंतीशी खुर्ची सरकवली. कोणी बसेना, म्हणून मीच बसलो, पाठ टेकली. भिंत ऊन होती, ताप आलेल्या माणसाच्या अंगासारखी.

भिंत फोडली तर आत वायर जळून फोम धुमसत होता. वास काडीचा नाही. पलीकडे अकरा विद्यार्थी आणि हायड्रोजनची सिलिंडरं. बंबवाला म्हणाला, "अजून अर्धा तास, की तुम्हाला चाळणीने गोळा केलं असतं." फोम जळतानाही तेच विष निघतं; तो धूर नळीच्या चिरेतून शिरला, असं सगळ्यांचं ठरलं आणि माझं कौतुक झालं.

प्रकृतीला जप.
तुझा,
दोमांतास

ता. क. चीर आहे, असं मीच अहवालात लिहिलं. दोन दिवस शोधली. नळी अखंड आहे.

ता. क. काकांच्या अंत्यविधीला यंत्र बिघडल्यामुळे येता आलं नाही, असं कळवलं होतं. यंत्र उत्तम चालू होतं, मावशी. मलाच धीर झाला नाही. रविवारी येतो. त्यांना कुठे ठेवलंय ते मला ठाऊक नाही, सोबत चलशील?