बाग बंद व्हायची शिट्टी

सोमवार, ३ मार्च
कारंज्यात पुन्हा कुणाची तरी चप्पल! एकच. काठीने बाहेर काढली, तर माळीकाका म्हणतात, "जपून ठेवा, जोडी जमेल." ह्यांना बरं सुचतं.

बाबा नेहमीसारखे मोठ्या झाडाखालच्या बाकावर. घरी एकटं ठेवायची सोयच नाही. गॅस चालू ठेवतात, दार सताड उघडं टाकून निघून जातात. इथे पहारा देता देता निदान नजरेसमोर तरी असतात. जेवा म्हटलं तर जेवत नाहीत, उठा म्हटलं तर उठत नाहीत. पण बाग बंद व्हायची माझी शिट्टी वाजली, की शाळेतल्या मुलासारखे ताडकन उभे! गुपचूप फाटकाशी जाऊन थांबतात. मी कुलूप लावते, चौकीत जाऊन गणवेशाची टोपी काढते आणि बाहेर येते, तेव्हा म्हणतात, "आलीस का गं? केव्हाची वाट बघतोय." जसं काही मी दिवसभर परगावी होते! माळीकाका हसून हसून बेजार.

गुरुवार, ६ मार्च
साहेब आले होते. पुढच्या आठवड्यापासून फाटक आपोआप बंद होणार म्हणे. कॅमेरे. भोंग्यावरून सूचना. पहारेकरी नकोच! मला पाण्याच्या टाकीवर पाठवतायत. "तिथे आराम आहे, बाई."

आराम! आणि बाबांना काय टाकीवर बसवू? तिथे बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. साहेबांना म्हटलं, फांदीवर अडकलेलं पोर कॅमेरा उतरवणार आहे का? तर म्हणे, ओरडू नका. मी ओरडत नव्हते. म्हणजे, ओरडत होते.

शुक्रवार, ७ मार्च
दादाला फोन केला. "वृद्धाश्रमाचं मी केव्हाचं सांगतोय." आपटला फोन.

मंगळवार, ११ मार्च


टाकीवर पहिला दिवस. बाबांना बाकावर बसवून गेले. माळीकाका चारला सुटतात, तोवर लक्ष ठेवतो म्हणाले. पुढे काय, तर भोंगा वाजला की बाबा उठून फाटकाबाहेर थांबतील, असं मी धरून चालले. कशावरून? मूर्ख मी!

भोंग्यातून कुणी बाई गोड आवाजात म्हणते, कृपया उद्यान रिकामे करावे. बाबांना त्याचं काय! मी धावत पोचले तर फाटक बंद, आणि बाबा आत बाकावर. हाका मारल्या, ढिम्म. पर्समधली शिट्टी काढून फुंकली, तेव्हा आले. गजांपलीकडे उभे राहिले. पँट ओली. माझ्याकडे किल्ली नाही, त्या फाटकाला किल्लीच नाही. साहेबांचा माणूस येईपर्यंत गजांतून त्यांचा हात धरून उभी होते. तो माणूस म्हणतो, कॅमेऱ्यात दिसत होते की ते. मग बघत कोण होतं? कुणीच नाही!

शनिवार, १५ मार्च
शेजारीण तीन दिवस बसली बाबांजवळ. आज हात जोडले तिने. तिचा तरी काय दोष.

रविवार, १६ मार्च
दादा आणि वहिनी आले. "तिथे चोवीस तास माणूस असतं गं." नोकरी सोडली तर दोघं खाणार काय? सगळीकडून विचार केला. डोकं चालेनासं झालंय. हो म्हटलं. माझ्याच तोंडाने. बाबा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते.

सोमवार, १७ मार्च
बाबा खुर्ची सोडेनात. दादाने ओढलं, वहिनीने समजावलं. मी टाकीवरून तशीच आलेली, टोपीसकट. शेवटी मीच शिट्टी वाजवली. ताडकन उठले आणि गुपचूप गाडीत जाऊन बसले.

आश्रमाच्या फाटकाशी आल्यावर मात्र थांबले. मला म्हणाले, "तुम्ही लावा कुलूप, बाई. माझी मुलगी येईलच मला न्यायला."