खोली फक्त कामासाठी

ग्लुकष्टाट, १४ ऑक्टोबर

प्रिय फ्राउकेमावशी,

वाकून नमस्कार. (खरंखुरं वाकणं आता कंबरेला झेपत नाही, तेव्हा मनानेच वाकलोय असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढतेस का, की अजून शेजारणीकडून पेपर वर मागवतेस? इकडे आम्ही तिघं, म्हणजे मी, इम्के आणि तिचे वडील ओनोबाबा, खुशाल आहोत. म्हणजे आता आहोत. मधले सात महिने नव्हतो आणि त्याला कारण मी. सगळं सांगतो, चहा घेऊन बस.

मी हानोव्हरच्या विमा कंपनीचं काम घरूनच करतो, हे तुला ठाऊक आहेच. लोकांच्या तळघरांत पाणी शिरतं आणि मी त्यावर टिपणं लिहितो. फेब्रुवारीत एका सहकाऱ्याने फोनवर सांगितलं की सगळं काम घरातच करणाऱ्याला कामाच्या खोलीचा खर्च दाखवून करात सूट मिळते. अट एकच, खोली वेगळी हवी, दार असलेली, आणि तिच्यात कामाखेरीज काही चालायचं नाही. पलंग नाही, इस्त्री नाही, पाहुणा नाही. अशी खोली आमच्याकडे होती, वरच्या मजल्यावर, नदीकडे तोंड केलेली. तिच्यात दोष एवढाच की तिथे ओनोबाबा बसायचे.

ओनोबाबांनी चौतीस वर्षं एल्ब नदीत जहाजांना वाट दाखवली. चालत्या जहाजाच्या दोराच्या शिडीने वर चढायचं आणि परक्या कप्तानाला सांगायचं, इकडून चला, तिकडे गाळ आहे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. खिडकीशी वेताची खुर्ची, मांडीवर दुर्बीण, शेजारी खडीसाखरेचा चहा. मी मागे कोपऱ्यात टेबलाशी. बंधाऱ्यावर मेंढ्या चरत असायच्या आणि त्यांच्या पाठींवरून एखादी सहा मजली इमारत आवाज न करता सरकत जावी तसं जहाज जायचं. ओनोबाबा हळूच त्याचं नाव घ्यायचे. पाण्यावरचा उजेड छतावर हलायचा आणि मी काय लिहीत होतो ते विसरायचो. (एकदा टिपणात लिहून बसलो की सदर तळघर भरतीबरोबर हाम्बुर्गच्या दिशेने रवाना झालं. ते मंजूरही झालं.)

तर मी ही खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली. म्हटलं, “बाबा, कामाची खोली आहे, सरकारी नियम आहे.” ते म्हणाले, “असेल.” बस्स, एवढंच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या गॅरेजची भिंत दिसते. तिच्याकडे ते नदीकडे बघावं तितक्याच मन लावून बघायला लागले. नावं घेणं थांबलं. त्यांच्या मुलखात चहा कधी ढवळत नाहीत, साखर तळाशी राहू देतात, शेवटचा घोट गोड लागावा म्हणून. एके दिवशी इम्के वर आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “हार्म, बाबा चहा ढवळतायत.” मी म्हटलं, ढवळू दे. मावशी, हे वाक्य मला अजून टोचतं.

आणि त्या मोकळ्या खोलीत मी एकटा बसून काय केलं म्हणशील, तर काही नाही. जहाजं जायची, बिननावाची. मीच त्यांना नावं द्यायचो, वेडीवाकडी. दुपारी वाटायचं, खोली घरापासून सुटलीय आणि तीच हळूहळू समुद्राकडे निघालीय, मला टेबलासकट घेऊन. काम निम्म्यावर आलं.

सूट मागणारा अर्ज मात्र मी भरला होता, खोलीचा नकाशाही काढून जोडला होता. त्यावर पत्रं आली, गेली. शेवटी सप्टेंबरात कर कचेरीच्या ओस्टरटागबाई स्वतः पाहणीला आल्या. बाहेर दाट धुकं. बाईंनी दार लावून उघडून पाहिलं, कपाट पाहिलं, टेप धरून भिंती मोजल्या. मग खिडकीपाशी थांबल्या. गालिच्यावर चार खळगे होते.

“इथे काय होतं?”

“कुंडी,” मी म्हणालो.

“चार पायांची?”

तेवढ्यात ओनोबाबा दाराशी आले. इम्के मागून त्यांचा सदरा ओढत होती. ते जमिनीकडे बघत म्हणाले, “बाई, मी या खोलीत पाऊल टाकत नाही. ही जावयाची कामाची खोली आहे.” चौतीस वर्षांत एकाही कप्तानाशी खोटं न बोललेला माणूस माझं खोटं झाकत होता! माझे कान तापले.

आणि धुक्यात भोंगा वाजला. दिसत काहीच नव्हतं. ओनोबाबांनी मान कलती केली. “रिकामं जहाज आहे. काठाच्या जरा जास्तच जवळ येतंय.” बोलत बोलत ते आत आले, थेट खिडकीपाशी गेले, हात मागे करून खुर्ची चाचपली आणि बसायला लागले. खुर्ची कुठे होती? मी धावत माझी चाकांची खुर्ची त्यांच्याखाली सारली. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मग माझ्या तोंडून निघून गेलं, “बाई, ही खोली यांची आहे. मी इथे नुसता काम करतो.”

बाई धुक्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, “रिकामं आहे हे कसं कळलं?”

“माल नसला की जहाज वर तरंगतं, मागचा पंखा अर्धा पाण्याबाहेर राहतो. थपथपतोय, ऐका ना.”

बाईंनी ऐकलं. मीही ऐकलं. दूर कुणीतरी ओल्या चादरी आपटत असावं तसा आवाज. बाई दोन तास थांबल्या, तीन कप चहा प्यायल्या. निघताना म्हणाल्या, “ब्रोडर्सनसाहेब, खोली धरता येणार नाही. पण घरून काम केलेल्या दिवसांची ठरावीक सूट आहे, ती मिळेल. तिला खोली लागत नाही. स्वयंपाकघरातलं टेबलही चालतं.”

“हे आधी कुठे कळलं असतं?”

“तुम्ही भरलेल्या कागदांतच लिहिलंय.”

त्याच संध्याकाळी वेताची खुर्ची वर गेली. ओनोबाबा बसले, दुर्बीण मांडीवर घेतली आणि एका डॅनिश जहाजाचं नाव घेतलं. इम्के जिन्यात बसून रडली. मी भांडी घासली.

गुडघ्याला जप, रागावू नकोस.

तुझा भाचा,
हार्म

ता. क. माझं टेबल आता स्वयंपाकघरात, गॅरेजच्या भिंतीसमोर आहे. काम भराभर होतं. तळघरं जागची हलत नाहीत. फार वाईट वाटतं.

ता. क. २. पत्राचं खरं कारण राहिलंच. टेबल खाली आल्याने वर खिडकीशी आणखी एका खुर्चीपुरती जागा झालीय. इम्केच्या वाढदिवसाला तू आली होतीस, तेव्हापासून ओनोबाबांनी तीनदा विचारलंय की रविवारी तुला बोलायला कुणी असतं का. सहज विचारतो म्हणतात. तर येत्या रविवारी येशील का? हे लिहू नकोस असं त्यांनी मला बजावलंय. पाकिटाला तिकीट मात्र त्यांनीच मघाशी लावून ठेवलंय.