तिसऱ्या गाण्याला हॉल उभा

१७ नोव्हेंबर, पहाटे ५.१०
आजपासून रियाज. रोज पाच ते सहा, खंड नाही. तुळशीचं लग्न झालं, म्हणजे सीझन लागला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत नोकरीचा राजीनामा द्यायचा हे नक्की. ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात बसून बोनाफाइडवर शिक्के मारायला हा गजेंद्र जन्माला आलेला नाही. महाराष्ट्रात विनोदी गायक पैशाला पासरी आहेत. पण पाठीवर फवारणी पंप बांधून गाणारा एकच, आणि तो अमरावतीत साईनगरला भाड्याने राहतो.

पंप बाबांचा. शेंदूरजनाघाटला आमच्या संत्र्यावर अठरा वर्षं चालला. मी त्याच्या नळीला फुंकून वाजवायचा मेलोडिका जोडला. डाव्या हाताने दांडा हाणायचा, उजव्या हाताने पट्ट्या दाबायच्या, तोंड गायला मोकळं. नाव ठेवलं पंपेटी. याला म्हणतात डोकं.

५.४०
शेजारच्या हरिहर वकिलांनी भिंत ठोकली. साथ द्यायला हरकत नाही, पण ताल कच्चा आहे.

संध्याकाळ
आरतीला राजीनाम्याचं सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबवला नाही. म्हणाली, बाबांनी तुमचा एक प्रोग्राम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून आयकला, की खुशाल द्या राजीनामा, मी एका शब्दाने आडवी येणार नाही. एवढंच? बायको भोळी आहे. बाबांनी अजून पूर्ण प्रोग्राम ऐकला नाही हे खरं, पण तो योगायोग. दर वेळी त्यांना काही ना काही काम निघतं.

२४ नोव्हेंबर
चांदूर बाजार. लग्न. सीझनची बोहनी आणि थेट स्टँडिंग ओव्हेशन.

मंगलाष्टकं झाली आणि नेहमीसारखे सगळे खुर्च्यांना चिकटून बसले. आपल्या वऱ्हाडात पंगतीला पहिला कोणी उठत नाही. हा म्हणतो तुमी चला, तो म्हणतो आधी तुमी. हातापाया पडा, आग्रह करा, ढिम्म. अशा निगरगट्ट लोकांसमोर मी उभा राहिलो. पहिलं 'सासऱ्याची सुटकेस', दुसरं 'पापडाची पंचाईत'. तिसरं 'इवायाचा मोबाइल', म्हणजे व्याह्याचा, चौदा कडवी. चौथ्या कडव्याला अख्खा हॉल उभा! नंतर ते सगळे मंडपाच्या मागच्या बाजूला निघून गेले. भावना अनावर झाली की माणसाला एकांत लागतो.

पहिल्या रांगेत तर तिघांच्या डोळ्यांत पाणी होतं. विनोदी गाण्याला! ही उंची फार थोड्यांना गाठता येते.

खुशालराव केटरर मागून झारा वर करून सलाम करत होते. हा माणूस खरा रसिक. बुकिंग तेच आणतात. यजमानाला बजावून सांगतात म्हणे, गजूभाऊचा प्रोग्राम पंगतीच्या आधीच ठेवा, नंतर ठेवून फायदा नाही. कलेचा मान राखणारे लोक अजून आहेत.

१२ डिसेंबर
रियाज तात्पुरता बंद. थंडीत पंपाचं वॉशर आखडतं. शिवाय फार रियाज केल्याने ताजेपणा जातो.

आजवर सात प्रोग्राम, सातही खुशालरावांचे. सातही ठिकाणी तिसऱ्या गाण्याला हॉल उभा. दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. आरती म्हणाली, त्यांच्याच जेवणाच्या लग्नांत तुमाले काहून बोलावतेत, बाकीचे केटरर मेले काय? मी म्हटलं, बाकीच्यांना कान नाहीत. ती हसली. माझ्या विनोदावर ती हसली, हे नोंदवून ठेवतो. फार क्वचित घडतं.

२८ डिसेंबर
शेंदूरजनाघाट. बाबांना बगीच्यात गाठलं. वय सत्तर, तरी झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसून आळं नीट करत होते. म्हटलं आज ऐकाच, पूर्ण. ते बसले. पहिलं गाणं झालं. दुसऱ्याच्या मध्यावर म्हणाले, बकरी घुसली वाट्टे, आणि काठी घेऊन गेले. मी कुंपणापर्यंत जाऊन पाहिलं. बकरी दिसली नाही. बाबांचा चष्म्याचा नंबर वाढला असावा.

चांगली बातमी : आचलचं जमलं. माझी धाकटी बहीण, अठ्ठावीस पूर्ण, बाबांना तिचाच घोर लागला होता. मुलगा अकोल्याचा, भगवंत नाव, बँकेत आहे. लग्न आखाजीला, अमरावतीत. म्हणजे राजीनामा आणि लग्न एकाच मुहूर्तावर. ग्रह कसे जुळून येतात बघा.

१९ जानेवारी
अकोला. कोण्या बड्या साहेबांचा निवृत्तीचा सत्कार. जेवण अर्थात खुशालरावांचं. प्रमुख पाहुणे एक तास पन्नास मिनिटं बोलले. एक माणूस हलला नाही, अर्धे झोपले होते. मग मी. तिसरं गाणं कशाला, दुसऱ्यालाच हॉल उभा. सत्कारमूर्ती तर नारळ खुर्चीवर विसरून धावले. अमरावतीकर म्हणतात अकोल्याच्या लोकांना कलेतलं काही कळत नाही. साफ चूक. त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं.

फक्त एका काकूंनी जाता जाता विचारलं, पंप धुतला होता काय, कारण त्यांचे डोळे चुरचुरत होते. करुणरसाची सवय नसते एकेकाला.

२३ फेब्रुवारी
सेमाडोह. मेळघाट बघायला आलेल्या बारा पर्यटकांपुढे काल संध्याकाळी प्रोग्राम झाला. आज सकाळी गाइड कुरकुरत होता की कालपासून साधा मोरही दिसला नाही. जंगलाचं नियोजन ढिसाळ आहे. पर्यटकांचे पैसे परत द्यायला हवेत.

१६ मार्च
अकोला. स्वतःच्या हिमतीवर पहिला सोलो शो. तिकीट लावून. खुशालरावांना मुद्दाम सांगितलं नाही. कलाकाराने कुठवर झाऱ्याच्या आधाराने चालायचं?

हॉल तीनशेचा, प्रेक्षक एकोणीस. होळीनंतर लोक थकलेले असतात. पण तिसऱ्या गाण्याला एकोणीसच्या एकोणीस उभे! बाहेर गेले. मला सवय आहे, मी गात राहिलो. पाच मिनिटांनी त्यातले चौघे परत आले आणि थेट स्टेजजवळ येऊन विचारलं, जेवण कुठं आहे. म्हटलं जेवण नाही. तर त्यातला एक, जो मला चांदूर बाजारच्या लग्नात पाहिल्यासारखा वाटला, चिडून म्हणाला की मग तुमी गाऊन काहून राहिले?

भैताड. दोष हॉल बांधणाऱ्याचा. लोकांना बाहेर पडल्यावर टेकायला जागाच ठेवली नाही.

१७ मार्च
झोप नीट लागली नाही. तो माणूस असं का म्हणाला? पित्त झालं असावं. मला.

२ एप्रिल
राजीनामा लिहिला. तीन खर्डे. पहिल्यात प्राचार्य अनुपमा मॅडमना दोन टोमणे होते, ते काढले. मोठ्या मनाचा माणूस आहे मी. तारीख लग्नानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवसाची, २ मे टाकली आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. आता फक्त बाबा. लग्नात पळून पळून कुठं पळणार? मुलीच्या बापाला हॉल सोडून जाताच येत नाही. आरतीला हे बोललो तेव्हा ती म्हणाली, शर्त तीच आहे, पण तुमी एकदा इचार करा. कशाचा ते सांगितलं नाही.

१८ एप्रिल
लग्नाची बैठक. मी वीस मिनिटं मागितली. आचल म्हणाली, दादा, काहीबी कर, तुह्या हाताने चुलीवर स्वयंपाक कर, पण पंप नको. सासरची माणसं आहेत. म्हणे गाणाऱ्याचा भाऊ म्हणून आयुष्यभर ऐकावं लागेल. गाणाऱ्याची बहीण म्हणायचं असेल, घाईत चुकली. बाबा सुपारी कातरत होते. निर्णय : प्रोग्राम नाही. सख्ख्या घरात कलाकाराची किंमत शून्य. तरी पंप गाडीला बांधून नेणार. वेळ सांगून येत नाही.

३० एप्रिल, आखाजी, दुपारी ३.३०
हे आत्ताच लिहितो. कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत बसलो आहे.

लग्न साडेबाराला लागलं. दीड वाजला, कोणी पंगतीला उठेना. अकोल्याचे म्हणत, आधी अमरावतीकर. अमरावतीकर म्हणत, छे छे, वरपक्ष आधी. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये दुसरं लग्न, त्यांचे डेकोरेशनवाले दारात शिड्या घेऊन उभे. मॅनेजर दोनदा येऊन बाबांना नको ते बोलून गेला. बाबा फेटा सावरत हात जोडत फिरत होते, एकेकाला दंडाला धरून उठवत होते. पुढे गेले की मागचा परत बसायचा.

मग बाबा माझ्याकडे आले. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "गज्या, आण तुहा पंप."

सत्तर वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे त्यांच्या सत्तर वर्षांत, माझ्या अडतीस. डोळे भरून आले, पंपाचा पट्टा दिसेना. आचलकडे पाहिलं, तिने मान डोलावली.

पहिल्या गाण्याला पुढच्या दोन रांगा. दुसऱ्याला बाकीचे. मी सुटकेस गातोय आणि लोक वाट काढत पळताहेत, आणि मागून खुशालराव आचाऱ्याला सांगताहेत की पुऱ्या सोडा, गजूभाऊ सुरू झाले. तेव्हा कळलं. एका क्षणात सगळं कळलं, चांदूर बाजार, अकोला, तो नारळ. तोंड गात होतं, हात दांडा हाणत होता, आणि मला वाटत होतं जमीन फाटावी.

थांबणार होतो. पण पाचशे खुर्च्यांच्या मधोमध एकजण बसलेला होता. बाबा. मग गायलो. पाचही गाणी, 'इवायाचा मोबाइल'ची चौदा कडवी धरून. ते हलले नाहीत.

शेवटी खाली उतरून त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, बाबा, तुमी पूर्ण आयकलं.

"पोरीच्या बापाले सगळ्याच्या मांगून जेवा लागते, बाप्पा. कुठं जाऊ?" मग पंपावर हात फिरवत म्हणाले, "अठरा वर्ष फवारला म्या. झाडावरचा मावा पयाला तं पयाला, नाही तं नाही. तू तं पाच मिनिटात पाचशे माणसं पयवले."

मी पट्टे सोडून पंप खाली ठेवला.

"पण आज इज्जत राखली तू मही," ते म्हणाले. "चाल, जेव मह्यासंगं."

बाबांनी माझ्या पानात स्वतःच्या हाताने वरण वाढलं. मला रडू आलं. पंप तेव्हा पाठीवर नव्हता, त्यामुळे कारण दुसरं सांगता येत नाही.

२ मे
कॉलेज. वेळेवर पोचलो. सकाळी आरतीने डबा आणि ड्रॉवरमधला राजीनामा, दोन्ही हातात दिले होते. म्हणाली, बाबांनी पूर्ण आयकलं, मी शब्दाची पक्की आहे, द्या. चेष्टा करत नव्हती, तेच जास्त लागलं. डबा खाल्ला. राजीनामा द्यायला आजचा दिवस चांगला नव्हता, शुक्रवार. लग्नाच्या रजेचा अर्ज तेवढा दिला.

दोनला स्टाफ मीटिंग. निकाल, परीक्षा, मग कोणी पंख्यांचा विषय काढला. साडेचार झाले. कोणी थांबेना, कोणी उठेना. अनुपमा मॅडम हळूच माझ्याकडे वाकल्या. चेहरा गंभीर. मला वाटलं, राजीनाम्याची कुणकुण लागली.

"गजेंद्र," त्या म्हणाल्या, "पंप आणलाय का?"

परवापासून गाडीलाच बांधलेला होता. आणला.

दीड गाणं लागलं.